तुला कर कसा काय लागत नाही बे?

आयकर रिटर्न भरायच्या दिवसांत माझ्या ऑफिसातल्या बाकावर पगारदार आणि स्वतंत्र काम करणारे खेटून बसलेले असतात. सोलापुरातल्या नव्या पेठेतली जागा ती केवढी, एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानावर जातोच. यंदा त्या बाकावर दोन सख्खे भाऊ होते. थोरला बँकेत अधिकारी. धाकटा सॉफ्टवेअरवाला, कोरोनात पुण्याहून घरी आला तो परत गेलाच नाही, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवरून एका बाहेरगावच्या कंपनीचं काम ‘कन्सल्टंट’ म्हणून करतो. दोघांचीही वर्षाची जमा १८ लाख. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत आणि आकडे गोल केलेत.)

थोरल्याचा कर निघाला १,५०,८०० रुपये. धाकट्याचा शून्य. त्यातही कंपनीने त्याच्या बिलांतून १० टक्के दराने कापलेला १,८०,००० रुपयांचा टीडीएस त्याला परत मिळणार होता. थोरल्याने स्क्रीनवरचा रिफंडचा आकडा दोनदा वाचला.

“तुला कर कसा काय लागत नाही बे? मी काय सरकारचं घोडं मारलंय?”

“अण्णा, कायद्यातच तसं आहे.”

“मग मला काय वेगळा कायदा आहे का?”

धाकटा गप्प झाला. त्याला उत्तर येत नव्हतं असं नाही, पण जे येत होतं ते त्यालाच पुरेसं वाटत नव्हतं. हा प्रश्न मी दरवर्षी ऐकतो आणि त्यावरची ठरलेली उत्तरंही ऐकतो. त्यातली काही खरी आहेत, काही निव्वळ सवयीने दिली जातात. म्हणून हा विषय एकदा मुळापासून मांडतो.

आधी थोरल्याचा आकडा. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत पगारातून ७५,००० रुपये स्टँडर्ड डिडक्शन सरसकट वजा होतं. उरले १७,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या चारवर १०, मग चारवर १५ आणि १६ लाखांच्या वरच्या सव्वा लाखावर २० टक्के. बेरीज १,४५,०००, त्यावर ४ टक्के सेस. झाले १,५०,८००. पगारदाराच्या हातात याहून फारसं काही नसतं. घरातल्या बाकी खर्चाची वजावट त्याला मागता येत नाही आणि कर तर पगार खात्यात पडायच्या आधीच कापला जातो.

धाकट्याचं गणित कलम ४४एडीए प्रमाणे झालं. हे कलम २०१६ च्या अर्थसंकल्पातून आलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात हीच तरतूद कलम ५८ मध्ये गेली आहे, पण लोकांच्या तोंडी अजून जुनाच नंबर आहे. डॉक्टर, वकील, इंजिनियर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटिरियरवाले, आयटीवाले अशा ठरावीक व्यवसायांना ते लागू होतं. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असली (रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या वर नसेल तर ७५ लाखांच्या आत), तर सरकार म्हणतं, तुझ्या खर्चाच्या पावत्या मला दाखवू नकोस, जमेतला निम्मा भाग मी तुझा नफा समजतो, त्यावर कर भर. १८ लाखांचा निम्मा ९ लाख. आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत रिबेट, म्हणजे करात पूर्ण सूट आहे, म्हणून कर शून्य.

सरकारने ही सूट कुणाची दया येऊन दिलेली नाही. छोट्या व्यावसायिकाने पेट्रोलच्या पावत्यांपासून झेरॉक्सच्या बिलापर्यंत सगळं सांभाळायचं, मग ते ऑडिट करून घ्यायचं, मग अधिकाऱ्याने ते तपासायचं, यात दोन्हीकडची शक्ती वाया जात होती. त्यापेक्षा एक ढोबळ आकडा धरा आणि मोकळे व्हा, असा तो व्यवहार आहे.

तो आकडा कुणाला नेमका बसतो ते सांगतो. सात रस्त्याजवळ ऑफिस असलेला एक सिव्हिल इंजिनियर माझ्याकडे येतो. त्याचीही जमा १८ लाखांच्या आसपास. ऑफिसचं भाडं महिना १२,०००. दोन ड्राफ्ट्समन, प्रत्येकी १८,०००. होटगी रस्ता, जुळे सोलापूर, अक्कलकोट रस्ता अशा साइटवर गाडी रोज फिरते, तिचं पेट्रोल आणि दुरुस्ती वर्षाला दीड लाख. सॉफ्टवेअर, नकाशांच्या प्रिंट, वीज, फोन धरून आणखी सव्वा लाख. बेरीज साडेआठ लाखांच्या घरात जाते. म्हणजे त्याच्या हातात खरोखर साडेनऊ लाख उरतात, आणि कायदा धरतो ९. हा माणूस १८ लाख कमावून कर बुडवतो असं त्याचा मेव्हणा दर दिवाळीला म्हणतो. पण जमा आणि उत्पन्न या दोन गोष्टीच वेगळ्या आहेत. मेव्हण्याच्या पगारातून कुणा ड्राफ्ट्समनचा पगार जात नाही.

ठेकेदारांच्या बाबतीत हा गैरसमज आणखी मोठा होतो. वायरिंगचा ठेका घेणाऱ्याच्या खात्यावर वर्षात ३० लाख आले, तर त्यातले बरेचसे वायर, पाइप, बोर्ड आणि पोरांच्या मजुरीत गेलेले असतात. छोट्या धंद्यासाठीचं ४४एडी हे कलम बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के आणि रोख जमेवर किमान ८ टक्के नफा धरतं, ते याचमुळे. ३० लाखांवर ६ टक्के म्हणजे १,८०,०००. ऐकणाऱ्याला धक्का बसतो. पण त्याला ‘किमान’ हा शब्द कुणी सांगितलेला नसतो. दोन्ही कलमांत धरलेला टक्का हा खालचा काठ आहे, करदाता स्वतः जास्त नफा दाखवत असेल तर तो जास्तीचा आकडा धरतात.

आता उत्तरांकडे येतो. टीका झाली की स्वतंत्र काम करणारे साधारण चार-पाच गोष्टी बोलतात. सगळ्यात आधी येतं ते ‘आम्ही जीएसटी भरतो’. हे उत्तर मला पटत नाही आणि मी तसं तोंडावर सांगतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि मग १८ टक्के तो गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला देतो. गिऱ्हाईक कंपनी असेल तर तिला त्याचं क्रेडिटही मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम ती स्वतःच्या जीएसटीतून वजा करते. मधल्या माणसाच्या खिशातून काही जात नाही. घरगुती गिऱ्हाइकांचं काम करणाऱ्या फोटोग्राफरची गोष्ट वेगळी. तिथे गिऱ्हाईक ‘सगळं धरून किती ते सांगा’ म्हणतं आणि ते १८ टक्के खरंच त्याच्या मजुरीतून जातात. पण धाकट्यासारख्याने ही ढाल पुढे करू नये.

‘सगळेच वाचवतात’ हे तर उत्तरच नव्हे. बिल नको असेल तर दोन हजार कमी द्या, असं सांगणारा ठेकेदार आणि कायद्यातलं कलम वापरून रिटर्न भरणारा इंजिनियर यांना एकाच तागडीत टाकू नये. पहिली चोरी आहे. तिची किंमत प्रामाणिक ठेकेदारच मोजतो, कारण त्याचं कोटेशन मग महाग दिसतं.

‘आम्हाला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, उद्या काम थांबलं तर विचारणारं कुणी नाही’, हे मात्र खरं आहे. यात मी आणखी एक घालतो, जे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येतं. रिटर्नवर दाखवलेलं उत्पन्न कमी असलं की घराचं कर्जही कमी मिळतं. धाकट्याच्या रिटर्नवर ९ लाख आहेत, बँक त्यावरूनच हप्ता झेपेल का ते बघते. देव न करो, पण अपघात झाला तर नुकसानभरपाई ठरवतानाही रिटर्नवरचाच आकडा पुढे येतो. वाचलेल्या कराची किंमत अशी मागाहून वसूल होते.

तरीही थोरल्याचा प्रश्न सुटत नाही. सिव्हिल इंजिनियरचा खर्च निम्मा आहे, मान्य. धाकट्याचा किती? इंटरनेट, वीज, खोलीचं भाडं, सगळं धरून वर्षाला दोन-अडीच लाख. उरलेला कागदावरचा खर्च झालेलाच नाही. कायद्याने त्याला पावत्या मागितलेल्या नाहीत, म्हणून त्याचं रिटर्न नियमात बसतं आणि मी ते भरतो. पण हे न्याय्य आहे का असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्यासाठी ५० टक्के हा आकडा सैल आहे. तो बदलायचा तर संसदेने बदलावा. एकट्याने अपराधी वाटून घेऊन काही होत नाही.

मी धाकट्याला वेगळंच विचारलं. “तू नक्की स्वतंत्र आहेस का?”

त्याने कॉन्ट्रॅक्ट मोबाइलवर उघडून दिलं. कंपनी एकच, साडेतीन वर्षं तीच. महिन्याला दीड लाख ठरलेले. सकाळी दहाला लॉगिन, रोज टीमची मीटिंग, लॅपटॉप कंपनीचा, सुट्टी हवी तर मॅनेजरची मंजुरी आणि त्या दिवसाचे पैसे नाहीत. दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही. १५ दिवसांची नोटीस देऊन कंपनी कधीही करार संपवू शकते, कारण सांगायची गरज नाही. थोरला खांद्यावरून वाचत होता. शेवटच्या कलमावर तो थांबला. बँकेत शिपायालाही असं काढता येत नाही, म्हणाला.

या दोघांची आई पूर्व भागात विड्या वळायची. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिजवलेलं तेंदूचं पान मापाने कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपातली तंबाखू चिमटीने भरायची, वळून दोऱ्याने बांधायचं, तोंड दुमडायचं. घर स्वतःचं, वेळ स्वतःची. वरण चुलीवर ठेवून, पोराला मांडीवर घेऊनही हात चालू. मजुरी दर हजार विड्यांमागे. वळलेल्या विड्या कारखान्यात न्यायच्या, तिथे मोजणारा हातात घेऊन बघायचा आणि मनास न येतील त्या बाद करायचा. बाद झालेल्यांची मजुरी नाही.

या बाईला मालक आहे का? कारखानदार म्हणायचे, नाही. ती घरी काम करते, हवं तेव्हा करते, आमची देखरेख नाही, ती स्वतंत्र आहे. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगारच धरलं. भविष्यनिर्वाह निधीचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८० च्या दशकात न्यायालयाने सांगितलं की पान-तंबाखू मालकाची आहे, विडी बाद करायचा अधिकार मालकाकडे आहे, एवढं नियंत्रण पुरेसं आहे. ती बाई कामगार आहे आणि तिला पीएफ लागू होतो. त्याआधी १९७३ मध्ये याच न्यायालयाने दुकानात नगावर कपडे शिवणाऱ्या शिंप्यांनाही याच धर्तीवर नोकर ठरवलं होतं. येतील तेव्हा येणारे, जातील तेव्हा जाणारे शिंपी. पण मशीन दुकानाचं, आणि शिवण पसंत नसेल तर उसवून पुन्हा करायला लावायचा हक्क मालकाचा.

हे सांगितल्यावर दोघंही काही वेळ बोलले नाहीत. घरात चूल सांभाळत विड्या वळणारी आई कायद्याने कामगार ठरली, तिच्या नावावर पीएफ जमा झाला. तिचा इंजिनियर मुलगा मॅनेजरला विचारल्याशिवाय दवाखान्यात जाऊ शकत नाही, आणि तो म्हणे स्वतंत्र व्यावसायिक.

न्यायालयं प्रत्येक वेळी याच बाजूने जातात असं समजू नका. पुण्यातल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मानधन पगार आहे, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही, कारण करार बारकाईने बघितल्यावर ते डॉक्टर खरोखरच मोकळे दिसले. म्हणजे कागदावर ‘कन्सल्टंट’ लिहिलंय की नाही याला फार महत्त्व नाही. वेळ कोण ठरवतं, साधनं कुणाची, बदली माणूस पाठवता येतो का, दुसरं काम घेता येतं का, चुकलं तर नुकसान कुणाचं, हे सगळं एकत्र बघितलं जातं. आणि उद्या धाकट्याचं उत्पन्न पगारच आहे असं ठरलं, तर ४४एडीए गेलं, मागच्या वर्षांचा कर व्याजासकट आला.

ब्रिटनमध्ये याच भांडणाला वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली. स्वतःची छोटी कंपनी काढून एकाच ठिकाणी नोकरासारखं काम करणाऱ्यांसाठी तिथे एप्रिल २००० पासून ‘आयआर३५’ नावाचा नियम आहे: अशांनी नोकरासारखाच कर भरायचा. तो मुळात काम करणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायचा होता. २०१७ मध्ये सरकारी संस्थांसाठी आणि २०२१ मध्ये मोठ्या-मध्यम खाजगी कंपन्यांसाठी ती जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली. त्याच २०१७ च्या मार्चमध्ये अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी स्वयंरोजगार करणाऱ्यांचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता (सरकार करासारखाच उत्पन्नावर घेतं तो) ९ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ११ वर न्यायचं जाहीर केलं. एवढा गदारोळ झाला की आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. तिथल्या प्लंबरचं आणि टॅक्सीवाल्याचं म्हणणं आपल्या लोकांसारखंच होतं: आमचा धोका मोजा, मग आमचा कर मोजा.

तर आम्ही धोका मोजला. कोऱ्या कागदावर, थोरल्याच्याच पेनाने. धाकट्याला कंपनीने याच १८ लाखांवर नोकरीत घेतलं असतं तर? मूळ पगार निम्मा धरला, म्हणजे महिना ७५,०००. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ महिना ९,०००, वर्षाचे १,०८,०००. काही कंपन्या किमान रकमेवरच पीएफ भरतात, तिथे आकडा बराच लहान होतो. इथे पूर्ण मूळ पगारावर धरलाय. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे १५ दिवसांचा मूळ पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे ४३,२६९. दोन्हींची बेरीज १,५१,२६९ रुपये.

थोरल्याने त्या आकड्याच्या शेजारी स्वतःचा कर लिहिला. १,५०,८००.

दोन आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग आहे, वेगळ्या पगाराला ते वेगळे येतील. पण त्या कागदावर पैसा कुठून कुठे गेला ते स्वच्छ दिसत होतं. सरकारला दीड लाख कमी मिळाले. धाकट्याने करात दीड लाख वाचवले आणि पीएफ-ग्रॅच्युइटीत तेवढेच घालवले, म्हणजे तो होता तिथेच राहिला. कंपनीचे दीड लाख वाचले. आणि ज्याचे खरोखर वाचले, त्याला या बाकावर कुणी जाब विचारत नव्हतं. दोन भाऊ एकमेकांकडे बघत होते.

टीकेला द्यायचं उत्तर माझ्या मते इथून सुरू होतं. सिव्हिल इंजिनियरने आपला खर्चाचा कागद पुढे ठेवावा, त्याला लाजायचं काही कारण नाही. धाकट्यासारख्यांनी ‘कायद्यात आहे’ म्हणून हात झटकू नयेत, कारण त्या वाक्यात ते आपल्या कंपनीची वकिली फुकट करत असतात. त्यांनी म्हणावं, हो, माझा कर कमी आहे आणि माझी नोकरीही लपवलेली आहे, दोन्ही एकाच कागदामुळे. पगारदारांचा राग खोटा नाही. त्यांचा कर कापला जातो आणि आसपास बिनबिलाचे व्यवहार दिसत राहतात, तेव्हा चीड येणारच. फक्त ती शेजारच्या माणसावर काढली की दोघांचंही नुकसान होतं.

धाकट्याचा करार दोन महिन्यांत नव्याने व्हायचाय. कंपनीला विचारायचं असं ठरलं: एकतर पगारावर घ्या, नाहीतर दर वाढवा. दरात पीएफ-ग्रॅच्युइटीचे दीड लाख आणि १५ रजांचे साधारण लाखभर घालायचे, म्हणजे वर्षाचे साडेवीस लाख. हे लिहून होताच थोरला म्हणाला, मग तर २० लाखांची रेघ ओलांडली, जीएसटीची नोंदणी लागणार. लागणार. बिलावर १८ टक्के चढतील, कंपनी त्यांचं क्रेडिट घेईल आणि धाकट्याला जीएसटीची रिटर्नं भरत बसावी लागतील.

“ते मी बघतो,” थोरला म्हणाला आणि कागदाची घडी घालून त्याने ती आपल्याच खिशात ठेवली.